सूज एकीकडे, दोष दुसरीकडे

पन्नाशी-साठीचा पुरुष. थोडं चाललं की पाय जड होतात, बसलं की मोकळे होतात. चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही. हातातल्या जाड फाइलीत ‘मणक्यात गॅप आहे’ अशी चिठ्ठी. कधी गादीचं ऑपरेशनही होऊन गेलेलं. मी हमखास विचारतो, लघवी सुटायला वेळ लागतो का? संकोचत ‘हो’ आलं, की पाठीचा एमआरआय स्वतः पुन्हा उघडतो. मज्जारज्जूत सूज आणि मागच्या बाजूला वळवळत गेलेले काळे ठिपके, म्हणजे फुगलेल्या शिरा. हे ठिपके न पाहता मज्जारज्जूचा दाह समजून स्टेरॉइड दिलं, तर काही रुग्णांचे पाय काही तासांतच जातात.

हा ड्युरल फिस्टुला. मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांच्या दोषांत सर्वाधिक आढळणारा. मज्जातंतूच्या मुळाशी, बाहेरच्या आवरणात, एक बारीक धमनी थेट शिरेला जोडली जाते. धमनीचा दाब शिरेत शिरतो आणि मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडेनासं होतं. पाट तुंबला की वाफ्यात पाणी साचतं, तसं. फ्वा आणि आलाजुआनीन यांनी १९२६ मध्ये मज्जारज्जू असा निकामी होत जाण्याचं वर्णन केलं, पण दोषाचं मूळ आवरणात आहे हे केंडल आणि लोग यांनी १९७७ मध्ये दाखवलं. तोवर सर्जन फुगलेल्या शिराच सोलून काढत. त्या तर मज्जारज्जूच्याच शिरा, रक्त बाहेर नेणाऱ्या!

फिस्टुला कुठेही असो, सूज बहुधा मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी दिसते. म्हणून अँजिओग्राफीत सूज पाहून जागा ठरवता येत नाही. बरगड्यांच्या आणि कंबरेच्या धमन्या, डावी-उजवी, एकेक करून तपासायच्या. तिथे नाही सापडलं तर ओटीपोटाच्या, मानेच्या. किडनीसाठी डायचा हिशेब ठेवायचा. कंटाळा येतो, पण अर्धवट अँजिओला ‘नॉर्मल’ म्हणणं मला मान्य नाही.

अ‍ॅडमकीविझची धमनीही शोधावीच लागते. मज्जारज्जूच्या पुढच्या भागाला रक्त देणारी ही धमनी फिस्टुलाच्याच फांदीतून निघत असेल, तर धमनीतून ग्लू सोडून फिस्टुला बंद करण्याचा उपाय मी करत नाही, सर्जनला बोलावतो. एरवीही ग्लू शिरेच्या सुरुवातीपर्यंत पोचायलाच हवा. धमनीतच थबकला तर त्या दिवशीचं चित्र छान दिसतं आणि पुढे शेजारच्या फांद्यांतून फिस्टुला पुन्हा भरतो. ऑपरेशनमध्ये सर्जन ती एक शीर आवरणापाशी बंद करून तोडतो. हा उपाय टिकाऊ आहे, हे मी रुग्णाला आधीच सांगतो.

आजार पुढे सरकणं थांबेल, असं मी सांगतो. चाल पुष्कळांची सुधारते, सावकाश. किती, ते उपचाराआधी ती किती बिघडली होती त्यावर. लघवीचं वचन देत नाही. गरज असेल त्याला स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवणारी सिस्टर घरी जाण्याआधीच भेटवतो.