गाय धुतली, भिंतीचं काय?

चि. बाळास,


औषध मारलं की चार दिवस बरं, मग पुन्हा कासेजवळ गोचीड लगडलेलेच, असं फोनवर म्हणालास. तिथल्या तिथे बोलून भागेना, म्हणून हे पत्र.

आज रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जा. गाय राहू दे, भिंत बघ. गव्हाणीमागे गिलावा सुटलाय तिथे भेगेत काडी घाल. एरंडाच्या बीसारखी फुगलेली करडी मादी निघेल आणि तिच्यापुढे खसखशीएवढ्या तांबूस अंड्यांचा ढीग. दोन-तीन हजार सहज. (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच गोचीड!) अंडी घालून मादी मरते. पिल्लं मात्र गवताच्या नाहीतर भिंतीच्या आधाराने, पुढचे पाय पसरून, जनावराच्या श्वासाचा सुगावा घेत बसतात. उपाशीपोटी महिनोन्महिने.

आपल्याकडच्या गोठ्यांत दोन जातींचा उपद्रव फार. रिपिसेफॅलस मायक्रोप्लस एकदा चढली की साधारण ३ आठवडे त्याच गाईवर कात टाकत वाढते आणि रक्ताने टम्म झाली की गळून पडते. तांबडी लघवी, म्हणजे बबेसियोसिस, हिची देणगी. दुसरी हायलोमा जास्त लबाड. कात टाकायला ती खाली उतरते, भेगेत लपते, पुन्हा चढते. संकरित वासरांना लोळवणारा थायलेरियाचा ताप तिच्यामुळे येतो. तू फवारलंस तेव्हा निम्मी फौज भिंतीत होती.

गोचीड रोग पसरवतात हे जगाला पटवलं अमेरिकेत. टेक्सासकडची धडधाकट गुरं उत्तरेला हाकत नेली की वाटेवरची उत्तरेकडची गुरं पटापट मरत. गुराखी गोचिडांकडे बोट दाखवत आणि विद्वान हसत. थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या शास्त्रज्ञांनी मग कुंपणं घातली. एका कुरणात दक्षिणेची गुरं गोचिडांसकट सोडली; दुसऱ्यात तशीच गुरं, पण अंगावरचे गोचीड हाताने एकेक वेचून; तिसऱ्यात दक्षिणेचं एकही जनावर नाही, नुसते गोचीड विखुरलेले. उत्तरेच्या गाई पहिल्या आणि तिसऱ्या कुरणात आजारी पडल्या, दुसऱ्यात ठणठणीत राहिल्या. १८९३ साली हा अहवाल छापून आला. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला तो त्यानंतर ४ वर्षांनी.

पुढे १९०६ ते १९४३ अमेरिकेने दर पंधरवड्याला गुरं सोमलाच्या हौदात बुचकळली, तेव्हा कुठे बहुतेक देश मोकळा झाला. मेक्सिकोच्या सीमेवर मात्र घोडेस्वार अजून गस्त घालतात.

देशी गाईच्या कातडीवर गोचिडाचं फारसं फावत नाही. अमेरिकेतला ब्राह्मन वंश गीर, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली जनावरांच्या रक्ताचा. ऑस्ट्रेलियाने १९३३ साली तो क्वीन्सलंडात नेला आणि गोचिडांपुढे तो टिकला. तुझ्या दावणीला मात्र परदेशी वंशाच्या एचएफ गाई आहेत, म्हणजे जागरूक राहणं आलंच.

औषधाचा डोस अंदाजपंचे नको. पातळ द्रावणाने अर्धमेले गोचीड जगतात आणि पुढची पिढी त्या औषधाला जुमानत नाही. दूध किती दिवस काढून टाकायचं तेही डॉक्टरांनाच विचार. आणि तुझी ती बोटांनी गोचीड चिरडायची सवय सोड. २०११ साली गुजरातच्या सानंद तालुक्यात काँगो तापाने माणसं गेली. त्या तापाचा विषाणू हायलोमाच वाहते. हातमोजे घालून काढ, रॉकेलच्या डब्यात टाक.

या आठवड्यात चारा बाहेर काढून फ्लेमगनने भेगा भाजून घे आणि सिमेंटने बुजव. २१ दिवसांनी पुन्हा बॅटरी घेऊन जा. भिंतीत काय दिसलं ते आधी कळव, गाईचं मग.

तुझी,
आत्या