लेस्टरमधील वाचनवर्ग

लंडनच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरवर लेस्टर शहर आहे. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडा सोडण्यास ९० दिवसांची मुदत दिली, तेव्हा 'येथे येऊ नका' अशा आशयाची जाहिरात लेस्टरच्या नगरपालिकेने तेथील वृत्तपत्रात दिली होती. तरीही गुजराती कुटुंबे आली. आज बेलग्रेव्ह रोडवर त्यांच्या साड्यांच्या दुकानांची व सराफी पेढ्यांची रांग आहे. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ साली प्रतिष्ठा झालेले जैन मंदिर आहे.

या वस्तीतील प्रौढांच्या इंग्रजी वाचनवर्गात बसणाऱ्या स्त्रिया निरक्षर नव्हेत. गुजराती त्या सहज वाचतात, गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलतात. अडते ते कागदावर. आपल्या लिपीत अक्षर दिसले की उच्चार हाती येतो. इंग्रजीत २६ अक्षरांना सुमारे ४४ ध्वनींचा संसार करावा लागतो. शहराच्या नावातच मधली काही अक्षरे गिळावी लागतात! 'नाइट'मधील जी आणि एच एके काळी उच्चारली जात. पुढे उच्चार गेला, लेखन तेवढे उरले.

म्हणून घरी आलेले पत्र नातवाने वाचायचे. आजीचे दुखणे आजीच्या आधी बारा वर्षांच्या मुलाला कळायचे. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? पेढीच्या भागीदारीपत्रावर, कर्जाच्या हमीपत्रावर बोट दाखवतील तेथे सही करणाऱ्या गृहिणी थोड्या नाहीत. आणि वाचले नाही म्हणून सहीची जबाबदारी टळत नाही.

वर्गात क्रमिक पुस्तक नाही. विजेचे बिल, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, शाळेची सूचना हाच अभ्यास. एका दुपारी साठीच्या एक बाई रक्ततपासणीचे पत्र घेऊन आल्या. ओळीखाली बोट धरून त्या 'फास्टिंग'पाशी थांबल्या. फास्ट म्हणजे जलद. मग तपासणीला धावत जायचे काय? शिक्षिका मुद्दाम गप्प राहिल्या. शेजारून कोणी म्हणाले, ''उपवास, बेन!'' सारा वर्ग हसला. दहा तास काही खायचे नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच वाचले. चौविहार नित्याचा असल्याने त्यात अवघड काहीच नव्हते. बोट पुन्हा ओळीवर टेकले. पुढच्या वाक्यात पाणी पिण्यास हरकत नाही, असे लिहिले होते.