वीस सेकंदांचे माहेर

“एवढा प्रवास करून हे आणलंस?” आईने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, थोडा तिरपा धरला आणि परत माझ्या हातात दिला. तिचे काहीच चुकले नव्हते. फोटोत नुसत्या हिरव्या रेघोट्या होत्या आणि त्यांवर खिडकीच्या काचेत उमटलेला माझाच गुलाबी कुडता! तिचे माहेर त्यात कुठेच नव्हते.

आई रत्नागिरीजवळच्या पानवल नदीच्या खोऱ्यातली. जानेवारी १९९८मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. त्याच मार्गावर या खोऱ्यावरून सुमारे ६४ मीटर उंचीचा पूल गेला आहे. आई त्याच्या कितीतरी आधी लग्न होऊन मुंबईला आलेली. पुढे माहेरी कुणी उरले नाही, जाणेही थांबले. आता वय चौऱ्याहत्तर, गुडघे धरलेले आणि डोळ्यांत काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर जपायची, असे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले आहे. म्हणून मी कामासाठी मडगावला निघाले तेव्हा ती म्हणाली, “दिसतंय तोवर आमचं खोरं एकदा वरून बघू दे गं.”

आणि मी आणल्या रेघोट्या.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात आमच्या छायाचित्रकाराला तो फोटो दाखवला. तो हसला नाही, हिशेब मांडू लागला. गाडीचा वेग ताशी ७५ किलोमीटर धरला, तर ती सेकंदाला जवळजवळ २१ मीटर धावते. म्हणजे ४२४ मीटरचा तो पूल वीस सेकंदांत संपतो. मोबाईलचे शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात तुम्ही ३५ सेंटिमीटर पुढे गेलेले असता. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले, तर फक्त दोन सेंटिमीटर. “कॅमेऱ्यावर सोडलंस तर तो उजेड बघून स्वतःच्या मर्जीने ठरवतो,” तो म्हणाला. “हे तू आधी ठरव. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढव. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू देत. हललेला फोटो मात्र सुधारत नाही.”

आणखीही बरेच शिकवले त्याने. जवळची झाडे झरझर मागे पळतात, लांबचा डोंगर जागच्या जागी असतो. म्हणून नेम लांबवर धरायचा. फोकस काचेवरच्या डागांत अडकू नये यासाठी लांबच्या डोंगरावर बोट ठेवून तो तिथेच पक्का करायचा. काच आधी पुसून घ्यायची, कपडे गडद घालायचे आणि मोबाईल काचेच्या अगदी जवळ न्यायचा. पण काचेला टेकवायचा नाही आणि कोपरही खिडकीच्या चौकटीवर ठेवायचे नाही, कारण गाडीची थरथर हातात उतरते. अगदी आडवे पाहण्यापेक्षा किंचित पुढे, तिरपे पाहिले तर दृश्य कमी वेगाने सरकते. शेवटची गोष्ट त्याने दोनदा सांगितली. दारात उभे राहून, बाहेर वाकून फोटो काढायचा नाही. वाचकहो, हे तुम्हालाही सांगते. कुठलाच फोटो तेवढ्या मोलाचा नसतो.

पुन्हा जाण्याचा योग नोव्हेंबरात आला. पाऊस सरलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ. गाडी दुपारी तिथे पोहोचणार होती, म्हणून पूर्वेची खिडकी घेतली. ऊन पाठीशी आणि समोरचे खोरे उजेडात. काळी ओढणी डोक्यावरून खिडकीपर्यंत ओढून बसले तेव्हा समोरच्या आजोबांनी विचारले, “बाळ, बरं नाही का वाटत?” मी कारण सांगितले. रत्नागिरी मागे पडली आणि थोड्या वेळाने तेच ओरडले, “आला गं तुझा पूल!”

वीस सेकंदांत चौदा फोटो काढले. अकरा वाया गेले.

उरलेल्या तिघांतला एक मोठा करून आईपुढे ठेवला. तिने भिंग घेतले, खिडकीशी बसली. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग तिचे बोट कागदावरून हळूहळू चालू लागले. “ही आमची पाणंद. हा पऱ्या. इथून दप्तर डोक्यावर धरून आम्ही पार व्हायचो.” मला त्यात फक्त झाडी आणि एक बारीक तांबडी वाट दिसत होती.

खालच्या कोपऱ्यात तिचे बोट थांबले. पुलालगतचे एक झाड तेवढे पुसट आले होते, हिरवा फराटाच.

“इथं खाली विहीर होती आमची,” ती म्हणाली. “झाडाआड गेली बघ.”

मला वाईट वाटले. तिला नसावे. भिंग खाली ठेवत तिने विचारले, “परत कधी जाणार आहेस? आणि या खेपेस बटण जरा आधी दाब.”