हेरिंग, कडक भाकरी आणि आमची सुकट

सुकट न्यायची की नाही यावरून 2023 च्या मे महिन्यात आमच्या घरात चांगलीच वादावादी झाली. लेक नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. तिने फोनवर सांगितलं, "बाकी काही नको, तेवढी सुकट आणा." आम्ही नाही म्हटलं. वास सुटेल, विमानात लोक नाकं मुरडतील, तिचे शेजारी काय म्हणतील! चाळीत सुकट भाजताना दारं-खिडक्या लावून घ्यायची आमची जन्माची सवय. शेवटी लोणचं आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही गेलो.

जूनमध्ये तिकडे मिडसमर हा मोठा सण असतो. लेकीच्या कचेरीतल्या एका वयस्कर बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. अंगणात टेबल मांडलेलं आणि मानाच्या जागी काय, तर खारवलेली मासळी! हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातली. ते तिला सिल म्हणतात.

ही मासळी आधी मिठात मुरवतात, मग खारटपणा उतरायला पाण्यात भिजत घालतात. एक वाटी कडक व्हिनेगर, दोन वाट्या साखर, तीन वाट्या पाणी उकळून गार करायचं आणि त्यात कांदा, गाजर, तमालपत्र घालून मासळी बुडवून ठेवायची. चुलीवर शिजवायची नाही. गोड मासळी! पहिला घास आमच्या घशाखाली उतरेना. पण सोबत नवे उकडलेले बटाटे, आंबट साय आणि बटाट्यांवर चक्क आपला शेपू! शेपू दिसला आणि जीव भांड्यात पडला. सिल आधी खायची, वेगळ्या बशीत. गाणी म्हणत दारूचे छोटे पेले रिकामे होत होते. आम्ही पंचशील पाळणारे. बाईंनी आमच्यापुढे सरबत ठेवलं.

मग आली त्यांची कडक भाकरी, क्नेकेब्रोद. राय या धान्याची, पातळ, गोल, मधे भोक असलेली. पूर्वी वर्षातून मोजक्याच वेळा भाजायची आणि भोकातून काठी ओवून आढ्याला टांगायची. महिनोन् महिने टिकायची. ती हाताने मोडायची, लोणी फासायचं, वर सिलचा तुकडा ठेवायचा. दाताखाली कुर्रकन वाजली आणि आम्हाला आजी आठवली. आजोबांकडे येसकराची पाळी असायची. गावातून मागून आणलेल्या भाकऱ्या उरल्या की आजी त्यांचे कुटके उन्हात वाळवून ठेवायची आणि पावसाळ्यात पाण्यात उकळून आम्हाला वाढायची. हे आम्ही आमच्या मुलांनासुद्धा कधी नीट सांगितलं नव्हतं.

बाईंनी मात्र भर पंगतीत आपल्या आजीची गोष्ट काढली. ती स्टातारे घरातली. म्हणजे जमीनदाराच्या शेतावर वर्षाच्या कराराने राबणारी कुटुंबं. मजुरी बरीचशी वस्तूंत मिळायची: धान्य, दूध, बटाटे आणि खारी सिल. बायकांवर जमीनदाराच्या गाई पिळायची सक्ती असे. तिला लोक पांढरा चाबूक म्हणत. ही पद्धत 1945 मध्ये बंद झाली. इवार लू-युहान्सन हा लेखक अशाच घरात जन्मला आणि त्याने ते जिणं पुस्तकांत आणलं. आपल्याकडे 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, तसंच म्हणा ना. महार वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं होतं; वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडलं. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की स्टाताऱ्याच्या स्पर्शाने कुणी बाटत नव्हतं.

"ही आजीची मजुरी," असं म्हणत बाईंनी सिलची बशी पुन्हा आमच्यापुढे केली. त्यांच्या चेहऱ्यावर लाज अशी कुठे दिसेना. मग विचारलं, "तुमच्या घरची मासळी कोणती?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलो. लेकच म्हणाली, "सुकट." मग मात्र आमची जीभ सुटली. तव्यावर कशी भाजायची, लसूण-मिरची किती, कांदा केव्हा घालायचा आणि ज्वारीच्या गरम भाकरीशी कशी खायची, सगळं सांगितलं. लेक दुभाषाचं काम करता करता हसत होती.

"मग येताना आणली नाहीत?" बाईंनी विचारलं. त्यावर काय सांगणार!

रात्री घरी परतताना लेकीला कबूल केलं, पुढच्या खेपेला नक्की. ती म्हणाली, "दोन किलो आणा. बाईंनाही द्यायची आहे."