पत्रे काढण्याची घाई

गावातले सिमेंटचे पत्रे एकदाचे काढून टाकावेत, अशा मताचा मी होतो. ग्रामसभेत तावातावाने बोललोही. 2017 च्या ऑगस्टमध्ये नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली, तेव्हापासून कुठलीही जुनी वर्गखोली पाहिली की पोटात गोळा येतो. त्यात या पत्र्यांमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असतं आणि त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, हेही वाचलेलं. मग वाट कशाची बघायची? हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीच्या जिल्ह्यातली माणसं आपण. पोरं जमवा, घण-पहारी घ्या, ट्रॉली लावा, एका रविवारी काम फत्ते.

आज त्या श्रमदानाला माझा विरोध आहे.

पत्र्यात अ‍ॅसबेस्टॉस साधारण आठ-दहा टक्के, बाकी सिमेंट वगैरे. पत्रा अखंड आहे तोवर तंतू त्यात जखडलेले राहतात. घण बसला, ड्रिल फिरलं, ग्राइंडर लागला की मोकळे सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, लवकर खाली बसत नाहीत. आजार वर येतो तो बहुधा 20 ते 40 वर्षांनी. आज घण मारणाऱ्या पोराला तोवर नातवंडं झालेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅसबेस्टॉसच्या कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद किमान 40 वर्षं जपायला सांगितलं, ते उगीच नाही. रोजंदारीवर पत्रे उतरवणाऱ्याची नोंद कोण ठेवतो?

जुना पत्रा कधी जवळून पाहा, हात न लावता. वरचं सिमेंट पावसाने झिजलेलं, काळं शेवाळ धरलेलं, फुटक्या कडेला करडी लव. हूक गंजलेला, नट फिरत नाही. मग गडी हुकाभोवतीचा पत्राच हातोडीने फोडतो आणि मोकळा होतो. पत्रा काढण्याची आपल्याकडची रीत ही अशी.

पण माझं मत फिरलं ते छपराकडे बघून नव्हे, जमिनीकडे बघून. वादळात फुटलेले पत्रे जातात कुठे? गोठ्यापुढच्या चिखलात भर म्हणून, वाटेवरच्या खड्ड्यात, मोरीच्या कडेला. वरून ट्रॅक्टर जातो, चुरा होतो. मग ग्रामस्वच्छता अभियान आलं की तिथेच आपण खराटा मारतो. गाडगेबाबांचा खराटा मला एरवी पूज्य आहे. हा कचरा मात्र कोरडा झाडला की साऱ्या गल्लीत पसरतो. छपरावरच्या धड पत्र्यापेक्षा पायाखालचा हा चुरा मला आता जास्त भिववतो.

शेतकऱ्याला दोष देण्यातही अर्थ नाही. लोखंडी पत्रा तापतो, कांदा खराब होतो. म्हणून कांदाचाळीवर कौलं किंवा सिमेंटचा पत्रा घाला, हा सल्ला वर्षानुवर्षं त्याला मिळत आला. युरोपीय संघाने 2005 पासून अ‍ॅसबेस्टॉसवर बंदी घातली, वर्षानुवर्षं ते जगाला विकणाऱ्या कॅनडानेही 2018 मध्ये घातली. आपल्याकडे हा पत्रा आजही उजळ माथ्याने दुकानात मिळतो.

तर पत्रा धड असेल, तडा नसेल, तर राहू द्या. त्याला भोक पाडू नका, तो घासू नका. उतरवायचाच असेल तर शाळेला सुट्टी असताना, पाणी फवारून, हूक बोल्टकटरने छाटून, अख्खा खाली घ्या. त्यावर पाय देऊन चढू नका, जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. तोंडाला बांधलेल्या उपरण्याने हे तंतू अडत नाहीत, त्यासाठीचा मास्क वेगळा मिळतो. तुकडे ओले करून हाताने वेचायचे, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे आणि घातक कचऱ्याच्या प्रकल्पात पाठवायचे. असा प्रकल्प पुण्याच्या रस्त्यावर रांजणगावला आहे. आपण तिथून गणपतीला हात जोडून पुढे जातो. खर्च येतो, हे खरं. श्रमदानात तो वाचल्यासारखा वाटतो, इतकंच.

पुढच्या ग्रामसभेत शाळेच्या जुन्या खोल्या पाडण्याचा विषय निघाला, तर अंदाजपत्रक मागून घ्या. पाणी, प्लास्टिक, मास्क आणि रांजणगावपर्यंतची वाहतूक यांचा खर्च त्यात धरलेला नसेल, तर ठरावावर सही करू नका.