आजोबांचा ऑर्गन

साताऱ्याजवळच्या माहुलीहून निघालेली कृष्णामाई पुढे सांगलीला जाते. तीन वर्षांपूर्वी बी. ए. साठी मीही तिच्याच वाटेने सांगलीला आत्याकडे आले. आत्याच्या घरी जिन्याखालच्या अंधारात, गोणपाटाखाली, आजोबांचा ऑर्गन पडून होता. आजोबा गेल्यावर साताऱ्याच्या दोन खोल्यांत जागा नाही म्हणून बाबांनी तो तिच्याकडे पाठवला होता, आणि २०१९ च्या ऑगस्टातील महापुरात तो पाण्यात बुडाला होता.

आजोबा कारकून होते. तरुणपणी एका नाटक मंडळीकडून त्यांना साथीसाठी बोलावणे आले होते. "पेटी वाजवून पोट भरतं का?" असे पणजोबांनी विचारले आणि आजोबा मुकाट्याने नोकरीवर रुजू झाले. पुढे जन्मभर त्यांनी साथ केली ती फक्त गणेशोत्सवातल्या हौशी नाटकांना. पेटीवर माझी बोटे त्यांनीच बसवली.

ऑर्गन म्हणजे नुसती मोठी पेटी नव्हे. पेटीत भात्याने दाबलेली हवा सुरांतून बाहेर पडते. आजोबांच्या ऑर्गनमध्ये पायांनी भाता चालवला की बाहेरची हवा सुरांतून आत ओढली जाते. म्हणून त्याचा आवाज मऊ आणि भरदार. शिवाय दोन्ही हात मोकळे! ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात संगीत नाटकाला त्याचा मोठा आधार वाटला, यात नवल नाही.

मिरजेच्या एका कारागिरांनी तो उघडला. सरस सुटला होता, भाता कुजला होता. पण पितळी सूर बहुतेक शाबूत होते. "पोरी, जीव आहे यात," ते म्हणाले. शिकवणीचे माझे वर्षभराचे पैसे त्यात गेले. बाबांना हे कळले तेव्हा फोनवर पणजोबांचाच प्रश्न आला.

त्या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकांत शोधू लागले. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे मूळचे पेटीवादक. त्यांनी १९११ साली 'मानापमान'ला चाली दिल्या, पुढे स्वतःची नाटक मंडळी काढली, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाला संगीत दिले. हे वाचून छाती फुगली. पण पुढचेच पान निराळे होते. पेटीचे स्वर ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीस वर्षे टिकली. त्या काळात पेटी धरून बसलेल्यांना घरच्यांनी काय काय ऐकवले असेल! तरीही गोविंदराव पटवर्धन पेटी आणि ऑर्गन वाजवत राहिले. तुळशीदास बोरकरांना तर पेटीसाठीच २०१६ साली पद्मश्री मिळाली. पण सगळेच काही बोरकर होत नाहीत, हे मलाही कळते.

यंदाच्या स्नेहसंमेलनात देवलांच्या 'शारदा'तला एक प्रवेश बसवला. देवल इथल्याच हरिपूरचे; त्यांच्या पदांना इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची साथ नको, असा मी हट्ट धरला. चार मित्रांनी टेम्पोतून ऑर्गन आणला. दुसऱ्या पदात एक सूर अडकला आणि एकसारखा बोंबलू लागला. डाव्या हाताने ती पट्टी वर ओढून धरत मी उरलेले पद एका हाताने वाजवले. गाणारीने आवाज चढवून मला सांभाळून घेतले. साथ कोण कोणाची करते, ते मला त्या दिवशी समजले.

बाबा साताऱ्याहून आले होते. कार्यक्रम संपल्यावर ते ऑर्गनपाशी आले आणि पाण्याने काळ्या पडलेल्या लाकडावरून हात फिरवत म्हणाले, "नाटकाहून आले की अण्णा आम्हाला उठवून बोलत बसायचे. ऑफिसातून आल्यावर ते कधी बोललेले मला आठवत नाहीत."

मी गप्प राहिले. एस. टी.त बसताना ते म्हणाले, "संगीताच्या एम. ए. चा फॉर्म भर." गाडी सुरू झाल्यावर खिडकीतून पुन्हा हाक आली, "आणि बी. एड. चाही भर!"

दोन्ही फॉर्म भरले आहेत. अडकलेला सूर मात्र अजून दुरुस्त व्हायचा आहे.