‘जरा वर’ म्हणजे कुठे?

कॅथलॅबमधला सगळ्यात फसवा शब्द ‘वर’. दोन एट्रियममधल्या पडद्याला सुई टोचताना, म्हणजे सेप्टल पंक्चरच्या वेळी, अन्ननलिकेतून इको करणारा म्हणतो, "जरा वर घ्या." त्याच्या बायकेव्हल व्ह्यूत डोक्याकडची बाजू स्क्रीनच्या उजवीकडे असते आणि वर दिसतं ते लेफ्ट एट्रियम. सुई धरणाऱ्यासमोरच्या क्ष-किरणांत मात्र वर म्हणजे डोकंच. दोघेही बरोबर, आणि सुई भलतीकडे. त्यात क्ष-किरणांना सुईचं टोक लख्ख दिसतं, पण स्नायू आणि रक्त सारखंच, म्हणजे जो पडदा टोचायचा तोच अदृश्य. इकोत पडदा दिसतो, सुईनं त्यावर उभारलेला तंबूही दिसतो. पण इकोचा छेद जरा तिरका गेला की सुईचा दांडाच टोक म्हणून मिरवतो.

दोन्ही चित्रं एकावर एक बसवणाऱ्या फ्यूजनचं मोल मला वाटतं ते यासाठी. क्ष-किरणांत दिसणाऱ्या इकोच्या प्रोबच्या आकारावरून संगणक त्याची दिशा ओळखतो, आणि इकोवर ठेवलेला ठिपका क्ष-किरणांचा सी-आर्म फिरवला तरी आपल्या जागी उमटतो. दोघांना एकच पट्टी मिळते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे बावड्यातलं शेंबडं पोरही सांगतं, कारण पट्टी एकच. जुने म्हणतील, जपानी सर्जन इनोउए यांनी १९८४ साली झडप उघडणारा आपला फुगा जगापुढे मांडला, त्यानंतर र्‍हुमॅटिक तापानं आखडलेल्या कितीतरी मायट्रल झडपा आपण नुसत्या क्ष-किरणांवर उघडल्या. खरं आहे. पण फुगा मोठ्या मनाचा; फॉसाच्या, म्हणजे पडद्यातल्या पातळ खळग्याच्या, मध्याजवळ शिरलात तरी निभावतं. गळकी मायट्रल झडप चिमटणाऱ्या क्लिपला झडपेच्या वर ४ ते ५ सेंटिमीटर उंची लागते, तीही पाठीच्या अंगाला. शिवाय सुई खाली ओढताना फॉसात पडते तो झटका हाताला कळतो, यावर आमची निम्मी मिजास उभी आहे. माझीही. एट्रियम फुगून पडदा बाहेर आला की तो झटका लागतच नाही, हे मात्र आम्ही सहसा सांगत नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. श्वासाबरोबर हृदय हलतं, प्रोब सरकतो, ठिपका मात्र ठेवला तिथेच. परिषदांतल्या लाइव्ह केस बघून तयार झालेली पोरं त्या रंगीत ठिपक्यावर नेम धरतात, तंबू बघायचं विसरतात. तंबू चालू इकोत दिसल्याशिवाय सुई पुढे नको, फ्यूजन असो वा नसो. आणि जिथे फ्यूजन परवडत नाही तिथे निदान ‘वर’ बंद करावं. डोक्याकडे, पायांकडे, पाठीकडे, महाधमनीकडे, एवढे चार शब्द पुरतात.